म्हापशात आज चार ग्लास काळी बिअर

आज चार इम्पीरियल स्टाउट, म्हणजे भाजलेल्या माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) कडक काळ्या बिअर, ओळीने चाखल्या. पहिली चूक नेहमीचीच: बाटली फ्रिजमधून थेट ग्लासात. ४ अंशांवर ही बिअर मुकी असते, नुसता थंडगार कडूपणा. १० ते १३ अंश हवेत. आपल्या दमट हवेत वीसेक मिनिटं टेबलावर ठेवली की भागतं. विसरलात तर मात्र ८ ते १२ टक्के अल्कोहोल सरळ नाकात चढतं.

ट्यूलिपच्या फुलासारख्या फुगीर ग्लासात १०० मिली पुरे, वर वासाला जागा हवी. बीजेसीपी या बिअर-परीक्षकांच्या संस्थेच्या गुणतक्त्यात ५० पैकी वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडातल्या भाराला ५, एकूण मताला १०. दिसण्याला फक्त ३, आणि लोक भाळतात काळ्या रंगावर!

पहिल्या ग्लासात कॉफी, कोको, काकवी, छान. दुसऱ्याला नेलपॉलिशचा वास, म्हणजे बहुधा यीस्टने ती फार गरम हवेत आंबवली. तिसऱ्यात सोया सॉस. थोडा असता तर जुनेपणाची खूण म्हणून चालला असता, इथे तो सगळ्यावर बसला होता: मेलेल्या यीस्टवर बिअर फार दिवस राहिली की हे होतं. चौथ्यात ओला पुठ्ठा. आत ऑक्सिजन गेलेला, त्यात दुकानातल्या उकाड्याने भर घातलेली. बाटली उभी, अंधारात, गारव्यात ठेवा.

करपलेल्या माल्टचा तुरटपणा चालतो, राखेसारखा घसा खरवडणारा नाही. एक ग्लास संपवून दुसरा घेण्याआधी पाणी आणि साधा पाव. बेबिंका, आपला थरांचा गोड केक, शेवटी, गुण लिहून झाल्यावरच.