ग्रॅनींच्या वहीची वारी

पंढरीची वारी मी एकदाच, लग्नाआधी, माझ्या आजीचा हात धरून चालले. दुसरी वारी घडली ती 2023 च्या जूनमध्ये, स्कॉटलंडच्या दक्षिण सीमाभागात, माझ्या आजेसासूबाईंसाठी. त्यांना आम्ही सगळेच ग्रॅनी म्हणत असू. मेलरोझच्या पडक्या मठापासून लिंडिसफार्न बेटापर्यंत जाणारी, संत कथबर्टच्या नावाची सुमारे शंभर किलोमीटरची वाट त्यांनी वयाच्या सत्तरीत चालून पूर्ण केली होती. त्या गेल्यावर नवऱ्याने, मी आणि आमच्या अकरा वर्षांच्या लेकीने ती सात दिवसांत चालायचे ठरवले. सोबत टाळ नव्हते, पताका नव्हती. माझ्या पाठपिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली त्यांची एक वही तेवढी होती.

ग्रॅनी चाळीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवत होत्या आणि आपल्या स्कॉटिशपणाचा त्यांना विलक्षण अभिमान होता, मात्र पर्यटकांना विकल्या जाणाऱ्या चौकड्यांच्या कापडाशी त्याचा काही संबंध नव्हता. किल्ट हा डोंगराळ उत्तरेचा पोशाख, आमच्याकडची माणसे मेंढ्या राखणारी आणि गिरण्यांत लोकर विणणारी, असे त्या ठणकावून सांगत. त्यांचे वडील मेंढपाळ होते. आमच्या पहिल्या भेटीत मी मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकल्याचे सांगितले, तेव्हा त्या उठल्या, नकाशा काढून आणला आणि मेलरोझच्या उत्तरेकडच्या लॉडर गावावर बोट ठेवून म्हणाल्या, ‘‘तुझा विल्सन इथला.’’ चौपाटीसमोरच्या त्या इमारतीत पाच वर्षे काढूनही, 1832 साली शाळा सुरू करणारे जॉन विल्सन 1804 मध्ये कोठे जन्मले हे मला ठाऊक नव्हते, आणि ते ठाऊक नसल्याचे ग्रॅनींना माझ्याहून अधिक वाईट वाटले. त्याच लॉडरजवळच्या टेकड्यांवर मेंढ्या राखताना तरुण कथबर्टला रात्री आकाशात दिव्य प्रकाश दिसला आणि 651 साली तो मेलरोझच्या मठात दाखल झाला, अशी परंपरा आहे. मेंढपाळाच्या लेकीला मेंढपाळ संत जवळचा वाटला, यात नवल नाही.

पहिल्या दिवशी आयल्डनच्या तीन टेकड्यांपैकी दोहोंमधल्या खिंडीत चढताना पाऊस सुरू झाला. जोराचा नव्हे, दिवसभर रेंगाळणारा, करडा, अंगात मुरणारा. बाभळीसारख्या काटेरी झुडपांवर पिवळी फुले होती आणि खाली ट्वीड नदीचे वळण धुक्यात अर्धे पुसलेले होते. नवरा म्हणाला, ‘‘ड्रीख.’’ अशा हवेला स्कॉट्स भाषेत दिलेला हा शब्द ग्रॅनींच्या वहीत तिसऱ्या पानावर आहे. वहीची रीत अशी : डावीकडे शब्द, मध्ये अर्थ, उजवीकडे तो कोणत्या गावच्या, किती वर्षांच्या मुलाच्या तोंडून ऐकला याची नोंद. ओढ्याला बर्न, लेकराला बेर्न, हट्टी माणसाला थ्रॉन. रोज मुक्कामी पोचल्यावर आम्ही एक पान मोठ्याने वाचत असू. हरिपाठाची वेळ तशी ती आमची वेळ झाली होती.

वहीच्या पहिल्या ओळीवर मात्र गाव नाही, वयही नाही. तेथे फक्त ‘अ डिना केन’, म्हणजे ‘मला ठाऊक नाही’, एवढेच आहे.

त्यामागची हकिकत ग्रॅनींनी मला स्वयंपाकघरात बटाटे सोलताना सांगितली होती. त्यांच्या लहानपणी, 1940 च्या दशकात, वर्गात ‘येस’ऐवजी ‘आय’ म्हटले म्हणून त्यांच्या तळहातावर टॉझचे फटके बसले होते. टॉझ म्हणजे टोकाला चिरलेला जाड चामडी पट्टा. घरची भाषा घरी, शाळेत शुद्ध इंग्रजी, हा त्या काळचा नियम. वर्षातून एकदा, 25 जानेवारीला कवी रॉबर्ट बर्न्सच्या जयंतीनिमित्त, त्याच घरच्या बोलीतल्या कविता पाठ म्हणून दाखवल्या की बक्षीस मिळे, आणि दुसऱ्या दिवशी तीच बोली पुन्हा गावंढळ ठरे. एवढे सोसलेल्या ग्रॅनी स्वतः शिक्षिका झाल्या, आणि नोकरीच्या पहिल्याच वर्षी ‘अ डिना केन’ असे उत्तर देणाऱ्या एका मुलाला त्यांनी तोच पट्टा मारला. ‘‘त्याला उत्तर येत नव्हते म्हणून नव्हे,’’ त्या म्हणाल्या होत्या, ‘‘त्याने ते माझ्या आईच्या शब्दांत सांगितले म्हणून.’’ त्याच आठवड्यात त्यांनी वही घातली. सरकारी शाळांतून तो पट्टा 1987 मध्ये कायद्याने हद्दपार झाला. ग्रॅनींनी आपला त्याच्या कितीतरी आधी चुलीत टाकला होता.

मी ऐकत राहिले, कारण साताऱ्याकडच्या आमच्या शाळेत ‘होय’ऐवजी ‘व्हय’ म्हटल्याबद्दल मीही बाकावर उभी राहिले होते. ‘आय’ आणि ‘व्हय’ एकमेकांसमोर ठेवून आम्ही दोघी त्या दिवशी बराच वेळ हसलो.

मधल्या दिवसांविषयी फार सांगण्यासारखे नाही. रोमनांनी बांधलेला सरळ रस्ता, त्यावरचा चिखल, लेकीच्या टाचेवरचा फोड. चौथ्या दिवशी मोरबॅटलहून निघून वाइडओपन टेकडीवर पोचलो. 368 मीटर उंचीचे हे ठिकाण वाटेतले सर्वांत उंच, आणि जवळजवळ मध्यावरचे. सह्याद्रीत वाढलेल्या मला त्या उंचीचे काय कौतुक, असे मनात आले खरे, पण वाऱ्याने टोपी उडवून नेली तेव्हा तो विचारही तिच्यामागे गेला.

पाचव्या दिवशी येटमच्या पुढे दगडी भिंतीतल्या एका फाटकातून आम्ही इंग्लंडमध्ये शिरलो. पहारा नाही, चौकी नाही, पलीकडच्या मेंढ्याही तशाच. एवढ्या कडव्या स्कॉटिश बाईने इंग्लंडात संपणारी वाट का निवडावी, असे नवऱ्याने त्यांना एकदा डिवचून विचारले होते. कथबर्टच्या काळी मेलरोझ आणि लिंडिसफार्न एकाच नॉर्थम्ब्रियाच्या राज्यात होते, ही रेघ नंतरची, असे इतिहासाचे उत्तर त्यांनी आधी दिले. मग थोडे थांबून त्या म्हणाल्या, ‘‘आणि पलीकडचे धनगरही ओढ्याला बर्नच म्हणतात.’’

शेवटच्या दिवशी ओहोटीची वेळ कोष्टकात दोनदा तपासून आम्ही बूट गळ्यात अडकवले. बेटावर मोटारींसाठी रस्ता आहे, तोही भरतीत बुडतो. यात्रेकरूंची जुनी वाट मात्र वाळूत रोवलेल्या उंच खांबांच्या रांगेने जाते. अडकलेल्यांसाठी खांबांवर उभारलेल्या लाकडी खोल्या मधूनमधून दिसत होत्या. दूरच्या वाळूपट्ट्यावर सील ओरडत होते. तो आवाज भजनाच्या लांबवलेल्या सुरासारखा वाटला, आणि साऱ्या वारीत पहिल्यांदाच मला माझ्या आजीची आठवण येऊन भरून आले.

मध्यावर लेक गुडघाभर रुतली. ‘‘ग्लॉर!’’ तिचा बाबा ओरडला. ‘‘चिखल!’’ ती माझ्याकडे पाहून ओरडली, आणि तिला ओढून काढताना आम्ही तिघेही त्यात बसलो.

बेटावर चहाच्या दुकानाबाहेर पाय वाळत असताना तिने वही मागितली. ‘ग्लॉर’ बाविसाव्या पानावर होते. त्याखालच्या रिकाम्या ओळीत तिने देवनागरीत ‘चिखल’ लिहिले, अर्थाच्या जागी वरच्या शब्दाकडे बाण काढला, उजवीकडे ‘लिंडिसफार्नची वाळू, वय 11’ अशी नोंद केली आणि पेन पुसून परत दिले.