रद्दी गोळा करता करता

रविवारी सकाळी करी रोडच्या पुलावर दोन्ही हातांत रद्दीच्या पिशव्या घेऊन मी दिसेन तुम्हाला, गेली तीन वर्षं हेच चाललंय. डोंबिवलीहून येते, मेगाब्लॉक असला की अजून अर्धा तास धरायचा. शेजारच्या ताई परवा म्हणाल्या, अगं इथल्याच रद्दीवाल्याला दे नि पैसे तुमच्या संग्रहालयाला जीपे कर ना, एवढं ओझं कशाला वाहतेस. तेव्हा लिफ्टची घाई होती म्हणून काही बोलले नाही, पण उत्तर लांबलचक आहे, म्हणून इथे लिहितेय.

लालबागला एका चाळीत तळमजल्यावर आमच्या दोन खोल्या आहेत, त्यात आम्ही कापड गिरणी कामगारांच्या वस्तू आणि कागद जपतो, त्याला संग्रहालय म्हणतो. हा पूर्वी गाळा होता. गाळा म्हणजे कोकणातल्या एकाच गावच्या बाप्यांनी मिळून घेतलेली जागा, पहिल्या पाळीचा माणूस उठून गिरणीत गेला की रातपाळीवाला येऊन त्याच वळकटीच्या जागी आडवा व्हायचा, प्रत्येकाची एक ट्रंक आणि भिंतीवर एक खुंटी, एवढाच संसार. गिरण्या गेल्या, माणसं गावी गेली नाहीतर विरार-बदलापूरला गेली, आणि खोल्या ग्रामस्थ मंडळाच्या नावावर कुलूपबंद राहिल्या. मंडळाच्या वडीलधाऱ्यांनी त्या आम्हाला वापरायला दिल्या, भाडं नाही, फक्त लाईट बिल आणि चाळीचा मेंटेनन्स आमचा. त्या ट्रंका अजून तिथेच आहेत. एकीच्या झाकणाला आतून विठ्ठलाचं चित्र खळीने चिकटवलंय, ते आम्ही तसंच ठेवलंय.

माझे वडील बदली कामगार होते, म्हणजे रोज सकाळी गेटवर उभं राहायचं आणि कोणी खाडा केला असेल तर काम मिळायचं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, कामगार नेते डॉक्टर दत्ता सामंतांच्या मागे. मी तेव्हा चौथीत. संप मागे घेतल्याचं रीतसर कोणी जाहीरच केलं नाही आणि आमच्या घरात तर तो कधीच संपला नाही. सांगायचं कारण एवढंच की हे काम मी छंद म्हणून करत नाही.

तर पैसे. संग्रहालय म्हटलं की लोकांना वाटतं काचेचं कपाट, त्यात वस्तू, झालं. कपाट एकदाच घ्यावं लागतं हो, पण मुंबईची हवा रोज असते. जून ते सप्टेंबर आमच्या खोलीत भिंतीला हात लावला तर ओला होतो. कागदाला बुरशी, कपड्याला कसर, लाकडाला वाळवी, आणि धोट्याच्या, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या लाकडी तुकड्याच्या, टोकाची लोखंडी टोपी गंजते ती वेगळीच. हवेतला ओलावा शोषणारा डीह्युमिडिफायर चालवला की लाईट बिल दुप्पट. आणि या कशासाठीच कोणी देणगी देत नाही, असं मला पहिली दोन वर्षं वाटायचं. आम्ही पावती पुस्तक छापलं, त्यावर ‘संग्रहालय निधी’ असं लिहिलं आणि घरोघर फिरलो. लालबाग-परळमध्ये वर्गणी ही काही नवीन गोष्ट नाही, इथली पोरं चालायला लागल्यावर पहिली पावतीच फाडतात, तरी लोक म्हणायचे या पुढच्या महिन्यात.

मग आमच्यातल्या एका मावशींनी, ज्यांनी तीस वर्षं महिला मंडळाची वर्गणी गोळा केलीये, त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, तू निधी मागतेस ना, तिथेच चुकतंय, निधी कोणाला दिसतो का. गणपतीत आम्ही सांगतो हार तुमच्याकडून, प्रसादाचा रवा तुमच्याकडून, तसं माग की. त्या दिवसापासून आम्ही वस्तूचं नाव घेऊन मागतो. ‘खानावळीच्या हिशोबाच्या वह्या ठेवायला ॲसिड नसलेल्या पुठ्ठ्याचा एक बॉक्स हवाय, एवढ्याला पडतो.’ ‘संपातल्या पत्रकांना मायलरची, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकची, पाकिटं हवीत, पन्नास.’ बॉक्सच्या आत देणाऱ्याचं नाव पेन्सिलने लिहितो. एका काकूंनी नवऱ्याच्या वर्षश्राद्धाला चार बॉक्स दिले, आणि दर दोन-तीन महिन्यांनी येऊन बघतात की त्यात आता काय ठेवलंय. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण ती बाई आता वस्तूंकडे आपलं म्हणून बघते.

रद्दीची कल्पना तरुण पोरांची. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी चाळीचाळीतून रद्दी गोळा करायची, विकून येईल ते लाईट बिलाला. पहिल्या दोन वेळा आम्ही गठ्ठे सरळ टेम्पोत टाकले. तिसऱ्या वेळी गठ्ठ्याची सुतळी तुटली आणि पेपरांच्या मधून एक जाड पिवळं कार्ड बाहेर पडलं, वर तिकीट नंबर म्हणजे कामगाराचा गिरणीतला नंबर, खातं – साचेखातं, म्हणजे मागांचा विभाग, आणि खाली रजेच्या तारखा शाईने भरलेल्या. गिरणीचं रजा कार्ड. आम्ही सगळे टेम्पोभोवती गप्प उभे, कारण प्रत्येकाच्या मनात एकच, आधीच्या दोन टेम्पोंत काय काय गेलं असेल. ते अजूनही डोक्यातून जात नाही माझ्या.

तेव्हापासून नियम असा की एकही गठ्ठा न उघडता काट्यावर जात नाही. जमिनीवर चादर पसरतो आणि पान न् पान बघतो. पेपर वेगळे, वह्या वेगळ्या, आणि ज्यावर हाताने काही लिहिलंय ते तिसरीकडे. वेळ लागतो, दोन-दोन रविवार जातात कधी. पण काय काय मिळालं म्हणून सांगू. पगाराच्या चिठ्ठ्या, गावाहून आलेली इनलँड लेटरं, ईएसआयची म्हणजे कामगार विम्याची कार्डं, भजनी मंडळाची जमाखर्चाची वही, १९८२ सालचं एक पत्रक ज्याच्या मागे कोणीतरी वाण्याचा हिशोब केलाय: साखर, चहापत्ती, रॉकेल, आणि खाली गोल करून ‘बाकी’. माझ्या मते आमच्या दोन खोल्यांमधली सगळ्यात बोलकी वस्तू तीच. पुढच्या बाजूला सभेची हाक आणि मागच्या बाजूला घर. ती आम्ही काचेत अशी लावलीये की दोन्ही बाजू दिसतील.

म्हणून ताई, रद्दी मी वाहून आणते. माझ्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये निम्मी कुटुंबं गिरणगावातून, म्हणजे लालबाग-परळच्या या गिरण्यांच्या भागातून, आलेली आहेत, त्यांच्या माळ्यावरच्या गठ्ठ्यात काय असेल ते तिथल्या रद्दीवाल्याला कसं कळणार.

आता एक महत्त्वाचं. हे कागद नुसते बघायचे नाहीत. गिरणी कामगारांसाठी म्हाडाची घरांची योजना आहे, पहिली सोडत २०१२ ला निघाली, आणि त्यात १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर माणूस गिरणीत कामाला होता हे दाखवावं लागतं. तिकीट नंबर, पगाराची चिठ्ठी, ईएसआय कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाचे कागद, असलं काहीतरी हातात असावं लागतं. अर्ज लाखाच्या वर आहेत आणि बऱ्याच वारसांकडे धड कागद नाहीत, कारण बाप गेला की ट्रंक आवरताना पहिले कागदच रद्दीत जातात. त्यामुळे आम्ही ठरवलंय की कोणाच्याही नावाचा कागद सापडला तर आधी घर शोधायचं. मूळ कागद त्यांचा, आमच्याकडे फक्त स्कॅन राहणार, तोही त्यांनी सही करून हो म्हटलं तरच. त्या रजा कार्डावरचं नाव घेऊन आम्ही तीन चाळी फिरलो. शेवटी सून भेटली, नालासोपाऱ्याला. ती आली, कार्ड हातात घेतलं, आणि बराच वेळ फक्त सासऱ्यांच्या सहीवरून बोट फिरवत राहिली. त्यांची फाईल अजून पुढे सरकलेली नाही, एक कार्ड पुरेसं नाही म्हणाले. पण ती आता दुसऱ्या रविवारी येते चादरीवर बसायला, नजर माझ्यापेक्षा तेज आहे तिची.

नवीन येणाऱ्यांना आम्ही पहिल्या दिवशी काय शिकवतो तेही सांगते, घरी पण उपयोगी पडेल. जुन्या कागदाला सेलोटेप लावू नका, काही वर्षांनी गोंद कागदात उतरून तपकिरी डाग पडतो तो निघत नाही. लॅमिनेशन तर अजिबात नको, उष्णतेने प्लॅस्टिक कागदाला चिकटतं ते कायमचं, लोक प्रेमाने करून आणतात आणि मला रडू येतं. स्टेपल आणि टाचण्या काढा, गंज पसरतो. बाकी कागद किंवा फोटोंसोबत पेपरचं कात्रण ठेवू नका, पेपरच्या कागदातलं आम्ल शेजारच्या कागदालाही पिवळं करतं. आणि हात स्वच्छ धुऊन कोरडे करा, सिनेमातले पांढरे हातमोजे कागदाला नकोत, त्यात बोटांना काही कळत नाही आणि कडा फाटतात. फोटो आणि पितळी बिल्ल्यांना मात्र हातमोजे हवेत, बोटाचा घाम धातूवर ठसा सोडतो.

मागच्या जुलैत एका रात्री गटाराचं पाणी आत आलं. खालच्या खणातल्या वह्या भिजल्या. आदल्याच महिन्यात ज्यांनी पैसे घेऊन दाराचा उंबरा वाढवून दिला होता त्यांचं काम पहिल्याच पावसात खचलं, फोन उचलला नाही त्यांनी, पैसेही गेले ते गेलेच. पण त्या रात्रीबद्दल मला आठवतं ते वेगळंच. ओले कागद लगेच गोठवले तर बुरशी थांबते आणि सावकाश सुकवता येतात, हे आम्हाला माहीत होतं, पण फ्रीजर कुठला? चाळीतल्या मासे विकणाऱ्या मावशींनी डीप फ्रीजर रिकामा करून दिला. आपला माल बर्फाच्या पेटीत टाकला आणि आमच्या वह्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून आत. नंतर तीन आठवडे आम्ही एकेक वही काढून टीपकागद घालून पंख्याखाली सुकवली. दोन वह्या गेल्या. बाकीच्या आहेत.

त्यानंतर पोरं म्हणाली सीएसआर बघूया, म्हणजे कंपन्यांनी समाजकामाला द्यायचा पैसा. कायद्यात वारसा आणि संस्कृतीचं जतन बसतं, ते खरंय, पण ट्रस्टची नोंदणी हवी, १२ए आणि ८०जी या आयकर सवलतीच्या नोंदण्या हव्यात, सीएसआरच्या पैशासाठी भरायचा सीएसआर-१ फॉर्म हवा, तीन वर्षांचं काम दाखवायला हवं. आमची नोंदणी झालीये, बाकीचं सीए दादा फुकट करून देतायत, त्यांचे आजोबा जॉबर, म्हणजे गिरणीतले मुकादम, होते. एका मोठ्या कंपनीचे लोक येऊन बघून गेले, छान आहे म्हणाले, मग विचारलं की संपाचा भाग थोडा कमी करता येईल का. आम्ही नाही म्हटलं. त्या संध्याकाळी मीटिंगमध्ये वाद झाला, एक-दोघांचं म्हणणं होतं की त्या पैशांत छताचं पूर्ण काम झालं असतं, आणि तेही खोटं नाही, छत गळतंच आहे. तरी मला वाटतं बरोबर केलं. संप काढला तर त्या ट्रंका इथे का पडून राहिल्या हे कोणाला कसं सांगायचं.

सध्या सगळ्यात जास्त पैसे येतात ते फेरी आणि पंगतीतून. दोन महिन्यांतून एकदा पंचवीस माणसं घेऊन करी रोडपासून निघतो, भारतमाता टॉकीजवरून, चिवडा गल्लीतून, चाळीपर्यंत. वाटेत मी नारायण मेघाजी लोखंड्यांबद्दल सांगते, जोतीराव फुल्यांचे सहकारी, ज्यांनी गिरणीवाल्यांकडे आठवड्याच्या सुट्टीसाठी वर्षानुवर्षं मागणी लावून धरली आणि १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली. आपण हा जो रविवार फिरायला वापरतोय तो असा आलाय म्हटलं की लोक चालता चालता थांबतात. मग गाळ्यात पंगत. जेवण खानावळीचं, म्हणजे घरापासून लांब राहणाऱ्या कामगारांना ज्या बायकांनी महिन्याच्या बोलीवर जेवू घातलं त्यांचं. अशाच खानावळवाल्या बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ ला अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. आमच्या खानावळवाल्या आजी पंचाहत्तरच्या पुढच्या आहेत, त्या स्वतः बांगड्याचं तिखलं करतात, सोबत तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, भात, सोलकढी. वाढताना नावाने विचारतात अजून भाकरी हवी का. त्यांचं बोलणं आम्ही रेकॉर्ड केलंय, सहा तास झालंय, कोणाकडे किती पैसे बुडाले ते अजून तोंडपाठ आहे, संपात उधारी लिहिणंच बंद केलं म्हणाल्या, लिहून काय करू, पोरं उपाशी होती.

पुढची फेरी येत्या महिन्याच्या चौथ्या रविवारी आहे, पाच जागा शिल्लक आहेत. रद्दी दुसऱ्या रविवारी, सकाळी दहापासून. ८०जी ची पावती हवी असेल तर दोन हजारांच्या वरची रक्कम रोख देऊ नका, त्यावर सूट मिळत नाही, ऑनलाईन द्या. आत्ता नाव घेऊन मागायची वस्तू म्हणजे टीपकागदाची तीन बंडलं आणि खालचा खण जमिनीपासून फूटभर उचलायला लोखंडी स्टँड, पाऊस यायच्या आत. आणि माळ्यावर गठ्ठा असेल तर सुतळी न सोडता तसाच आणा, आपण चादरीवर बसून सोबत उघडू.