तुम्ही विचारलंत म्हणून: ब्राउझर का सोडला

"एवढंसं बिलिंग सॉफ्टवेअर, त्याला शंभर एमबीचा इन्स्टॉलर कशाला? लिंक दे, क्रोममध्ये उघडतो." गोव्यातल्या दुकानांसाठी मी हे सॉफ्टवेअर लिहितो; म्हापशाला विचारतात, मडगावला विचारतात, लग्नाच्या पंगतीतही विचारतात. आधी मीही हेच म्हणायचो. इन्स्टॉल करणं म्हणजे मागासपणा, असं दुकानदारांना तोंडावर सांगायचो.

मग ती चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आली. फोंड्यातलं किराणा दुकान, बाहेर माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या) सामानाला झुंबड, पाऊस धो धो आणि नेट दोन दिवस बंद. बिलं ब्राउझरच्या इंडेक्स्डडीबीत, म्हणजे त्याच मशीनवरच्या ब्राउझरच्या साठ्यात, साठत होती. नेट आलं की सर्व्हरवर जाणार होती. तेवढ्यात भाच्याने 'मशीन स्लो झालं' म्हणून हिस्ट्री साफ केली आणि कुकीज व साइट डेटावरही टिक केली. फोन आला, "म्हजीं बिलां खंय गेलीं?" मी पोचलो तेव्हा शेट कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर आठवून आठवून उधारी लिहीत होते: कवळ्याचे भटजी, नारळ किती... पुढे पेन थांबलेलं. रोख विक्रीचा हिशेब गल्ल्यावरून लागला. उधारीची वही मात्र 'आता लागणार नाही' म्हणून मीच बंद करायला लावली होती. शेट रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

भाच्याची चूक नव्हती. ब्राउझर त्यांचा, ते साफ करणारच. ब्राउझरने आपणहून पुसू नये म्हणून परसिस्टंट स्टोरेज मागितलं असतं तरी माणसाने हाताने पुसलेलं वाचत नाही. पण 'इतकी बिलं अजून पाठवायची आहेत' एवढी लाल पट्टी आणि रोजचा फाइल बॅकअप ब्राउझरमध्येही जमला असता. मी आळस केला.

म्हणून इलेक्ट्रॉन: वेबचंच सॉफ्टवेअर, पण सोबत स्वतःचं क्रोमियम (क्रोमचा गाभा) बांधून इन्स्टॉल होणारं. डेटा वेगळ्या फाइलमध्ये, थर्मल प्रिंटरला बिल थेट, मध्ये प्रिंटची खिडकी नाही. (ती खिडकी क्रोममध्येही किओस्क प्रिंटिंगने घालवता येते, माहीत आहे.) टाउरी या दुसऱ्या साधनाने इन्स्टॉलर लहान होतो, कारण ते विंडोजचाच वेबव्ह्यू२ (वेबपानं दाखवणारा भाग) वापरतं. पण माझ्या निम्म्या गिऱ्हाइकांकडे अजून विंडोज ७, आणि त्यावर वेबव्ह्यू२ जानेवारी २०२३ च्या १०९ व्या आवृत्तीवर अडकलाय. इलेक्ट्रॉनही तिथे २२ व्या आवृत्तीवरच थांबतं. म्हणजे मी जुनं, सुरक्षेच्या दुरुस्त्या न मिळणारं क्रोमियम दुकानादुकानांत वाटतोय. हे कुणी विचारत नाही, म्हणून मी सांगत नव्हतो.

शिवाय पूर्वी, ब्राउझरमध्ये होतं तेव्हा, रात्री केलेली दुरुस्ती सकाळी सगळीकडे पोचायची. आता त्यासाठी पार सांग्यापर्यंत स्कूटर काढावी लागते.

गेल्या आठवड्यात शेटनीच विचारलं, घरी मोबाइलवर विक्री दिसेल का? लिंक दिली की झालं, नाही? 'बघतो' म्हटलं. वही त्यांनी तेव्हाच पुन्हा सुरू केली होती; ती काउंटरवरच होती.