व्हीआरएस घेताना मांडलेला हिशेब

२०२३ च्या दिवाळीनंतर आमच्या कंपनीत व्हीआरएसची, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती योजनेची, नोटीस लागली. पिंपरी-चिंचवड पट्ट्यात ज्यांनी नोकरी केली त्यांना अशी नोटीस नवी नाही. एखादी लाइन बंद होते, एखादं मॉडेल जातं आणि वय झालेल्या परमनंट कामगारांसमोर एक रक्कम ठेवली जाते. मी टूल रूममध्ये होतो. एकतीस वर्षं डाय (पत्रा कापायचे-वळवायचे साचे) बनवणं, दुरुस्त करणं, ट्रायल घेणं हेच काम. त्या डिसेंबरात मला पंचावन्न पूर्ण झाली आणि मार्च २०२४ मध्ये मी बाहेर पडलो. आता शेजारच्या कंपन्यांत अशीच योजना आलेले ओळखीचे लोक फोन करून विचारतात, म्हणून सगळं एकदा लिहून काढतोय.

नोटिशीतला आकडा बघून लोक दोन टोकांना जातात. कोणी लगेच गावाकडे बांधकामाचा बेत करतं, कोणी म्हणतं एवढ्यात काय होणार. आम्ही दोघांनी तो आकडा आधी बाजूला ठेवला आणि बायकोची घरखर्चाची वही काढली. ती लग्नापासून हिशेब लिहिते. आदल्या वर्षाची वही घेऊन आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसलो आणि महिन्याचा खर्च एका बाजूला, वर्षातून एकदा येणारा दुसऱ्या बाजूला असा वेगळा केला. सोसायटीचा मेंटेनन्स, गाडीचा इन्शुरन्स, गौरी-गणपती, जत्रेची वर्गणी, लग्नसराईतले आहेर. हे वर्षाचे खर्च बाराने भागले की महिन्याचा आकडा बराच फुगतो. मग तिनंच विचारलं, "अहो, आणि कंपनी जे देत होती ते?" दुपारचं जेवण कँटीनमध्ये, जाणं-येणं कंपनीच्या बसनं, बूट-कपडे कंपनीचे, मेडिक्लेम कंपनीचा. यातलं काहीच वहीत नव्हतं, कारण ते खिशातून गेलंच नव्हतं. ते धरल्यावर तेहतीस हजारांच्या आसपास आकडा आला. घराचं कर्ज फिटलेलं होतं, नाहीतर मी हा विचारच केला नसता. मुलीच्या इंजिनिअरिंगच्या राहिलेल्या फीची एफडी आधीच वेगळी होती.

त्या टेबलावरच आमचं एक ठरलं. रोजचं घर व्याजावर आणि पेन्शनवर चाललं पाहिजे. नंतर मी जे काही काम करीन, त्याचा एक रुपयाही या तेहतीस हजारांत धरायचा नाही. मला आजही वाटतं की बाकी सगळ्या निर्णयांपेक्षा हा महत्त्वाचा होता. पंचावन्नाव्या वर्षी ज्याला किराण्यासाठी पैसे हवेत तो मिळेल ते काम मिळेल त्या भावात घेतो, आणि सहा महिन्यांत पुन्हा शिफ्टमध्ये उभा राहतो, तेही ठेकेदाराकडे.

आता पैसे कुठून कसे आले ते सांगतो.

ग्रॅच्युइटीचं सूत्र माझ्या वेळी सोपं होतं: शेवटचा बेसिक अधिक डीए (महागाई भत्ता), गुणिले पंधरा, भागिले सव्वीस, गुणिले नोकरीची वर्षं. माझा बेसिक-डीए ६२,००० होता, म्हणजे ३१ वर्षांचे अकरा लाखांच्या थोडे वर. वीस लाखांपर्यंतची ग्रॅच्युइटी करमुक्त असते. व्हीआरएसच्या रकमेपैकी मात्र पाच लाखच करमुक्त, त्या वेळच्या आयकर कायद्याच्या कलम १०(१०सी) खाली, आणि ही सवलत आयुष्यात एकदाच मिळते. उरलेल्या रकमेवर स्लॅबप्रमाणे कर जातो. त्यामुळे नोटिशीतला आकडा आणि बँकेत जमा होणारा आकडा यांत मोठी तफावत पडते. फॉर्म भरण्याआधीच मी अकाउंट्समध्ये बसून हातात येणारी रक्कम लिहून घेतली होती.

या सवलतीला एक अट आहे, ती फार जणांना ठाऊक नसते. व्हीआरएस घेतलेल्या माणसाला त्याच व्यवस्थापनाच्या दुसऱ्या कंपनीत नोकरीवर घेता येत नाही. ही अट नियमातच आहे. योजनेच्या काळात "घ्या आत्ता, नंतर ग्रुपच्या दुसऱ्या प्लांटला घेऊ" असं बोलणारे भेटतातच. त्या बोलण्यावर घराचा हिशेब बांधू नये.

पीएफच्या बाबतीत एक काम मी नोटीस लागल्या आठवड्यातच हाती घेतलं. पीएफच्या नोंदीत माझं नाव आणि आडनाव एवढंच होतं, आधारवर मधे वडिलांचं नाव. आपल्याकडे निम्म्या लोकांचं असंच असतं. ही दुरुस्ती तेव्हा कंपनी आणि कामगार दोघांच्या संयुक्त अर्जानं व्हायची, म्हणून एचआरमधली माणसं ओळखीची असेपर्यंत ती करून घेतली. ई-नॉमिनेशन, म्हणजे वारसाची ऑनलाइन नोंद, तीही भरून टाकली. बाहेर पडल्यावर नोकरी सोडल्याची तारीख नोंदवली गेली का, तेही पोर्टलवर तपासलं. पीएफची रक्कम मात्र काढली नाही. पंचावन्ननंतर निवृत्त झालेल्याच्या खात्यावर तीन वर्षं व्याज चालू राहतं, २०२३-२४ चा दर ८.२५ टक्के होता. नोकरी सुटल्यानंतरच्या व्याजावर कर लागतो हे खरं, तरी महागाईसाठी मागं ठेवायला मला ती जागा बरी वाटली.

पेन्शनवरून कँटीनमध्ये सगळ्यात जास्त वाद व्हायचे. ईपीएसचं, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेचं, पेन्शन अठ्ठावन्नला सुरू होतं. पन्नासनंतर लवकर घेता येतं, पण कमी पडणाऱ्या प्रत्येक वर्षाला ४ टक्के कपात होते आणि ती कायमची राहते. "कपात करून घेऊ नका, आयुष्यभराचं नुकसान" असं सगळेच सांगत होते. मी कागदावर मांडलं. पेन्शनसाठी धरल्या जाणाऱ्या पगाराला सप्टेंबर २०१४ पर्यंतच्या सेवेसाठी ६,५०० ची मर्यादा, त्यानंतरच्या सेवेला १५,००० ची, त्यामुळे एकतीस वर्षं काम करूनही माझं पूर्ण पेन्शन चार हजारांच्या आसपासच येत होतं. तीन वर्षं आधी घेतलं तर साधारण साडेतीन हजार. म्हणजे तीन वर्षांत सव्वा लाख आधी हातात, आणि पुढं महिन्याला पाचशेचा तोटा. पाचशेच्या तोट्यानं सव्वा लाख फिटायला एकवीस वर्षं लागतात, म्हणजे माझं वय एकोणऐंशी होईपर्यंत. मी लवकर पेन्शन घेतलं. ज्याला पुन्हा पीएफ लागू असलेल्या ठिकाणी नोकरी करायची आहे त्यानं हे करू नये, मला तर नोकरी करायचीच नव्हती.

मोठी रक्कम ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवली. ती साठीनंतरच्या लोकांसाठी असते असा सर्वांचा समज आहे. पण व्हीआरएस घेतलेल्याला पंचावन्न ते साठ या वयातही खातं उघडता येतं. त्यासाठी निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांत ते उघडावं लागतं, आणि मिळालेल्या निवृत्तीच्या रकमेपेक्षा जास्त ठेवता येत नाही. कमाल तीस लाख. मी उघडलं तेव्हा व्याज ८.२ टक्के, दर तिमाहीला. तीस लाखांवर तिमाहीला ६१,५०० येतात, महिन्याला वीस हजार पाचशे धरा. पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत आम्ही दोघांच्या नावानं पंधरा लाख ठेवले, ७.४ टक्क्यांनी महिन्याला ९,२५०. यात पेन्शन मिळवलं की आमचे तेहतीस हजार पुरे झाले.

ज्येष्ठ नागरिक योजनेचं खातं उघडताना मात्र अडलं. खिडकीवरच्या बाईंनी रिलिव्हिंग लेटर परत केलं. "यात पैसे कधी दिले ते कुठंय? निवृत्ती व्हीआरएसखाली झाली, एवढ्या रकमा दिल्या, या तारखेला दिल्या, नोकरी या काळात होती, असं कंपनीचं सर्टिफिकेट आणा." त्यांचं बरोबर होतं, साठीच्या आतल्या खातेदाराला ते लागतंच. एचआरनं तसं पत्र याआधी कधी दिलेलं नव्हतं, म्हणून मजकूर मीच लिहून नेला आणि लेटरहेडवर सही-शिक्का घेतला. बाहेर पडायच्या आधीच असं पत्र मागून ठेवा. तीन महिने जातात कसे कळत नाही.

मेडिक्लेमची घाई तर त्याहून आधी करायला हवी. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम शेवटच्या दिवशी संपतो. बायकोला बीपी आणि थायरॉइड, मला साखर. नवी पॉलिसी घेतली असती तर जुन्या आजारांसाठी पुन्हा काही वर्षांचा वेटिंग पीरियड लागला असता, म्हणजे तोवर त्या आजारांचा खर्च मिळाला नसता. पण ग्रुपमधून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, आणि आधी पूर्ण झालेला काळ धरला जातो. त्याचा अर्ज ग्रुपचं कव्हर चालू असतानाच द्यावा लागतो. मी जानेवारीतच दिला. पहिला हप्ता भरताना त्यावर अठरा टक्के जीएसटी होता, सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला तेव्हा आमच्या वहीत खरोखर फरक दिसला.

हे सगळं मार्गी लागल्यावर मी वरकमाईकडे वळलो. नोकरीत असताना बाहेरचं काम घेणं नियमात बसत नव्हतं, म्हणून तोवर एक पैसा घेतला नव्हता. पण चौकशी केली होती. भोसरी, तळवडे, चाकण इथल्या छोट्या प्रेस शॉपना (पत्रा दाबून-कापून सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांना) पूर्ण वेळ टूल रूमवाला परवडत नाही. डाय बिघडली की ती बाहेर पाठवतात, दिवस जातात, आणि वरच्या कंपनीचा माणूस मालासाठी फोन करत राहतो. तिथं जाऊन जागेवर दोष शोधून देणं, एवढंच काम मी करायचं ठरवलं. मशीन घ्यायचं नाही, गाळा भाड्यानं घ्यायचा नाही, भांडवल घालायचं नाही.

तळवड्याच्या एका शॉपमधलं काम सांगतो. दोन मिलिमीटर पत्र्याचा ब्रॅकेट, कडेला बर, म्हणजे कापल्यावर उठणारी खरखरीत धार, येत होती. त्यांनी डाय पुन्हा पुन्हा ग्राइंड करून आणली होती, चार दिवस माल नीट यायचा आणि परत तेच. मी ब्रॅकेट हातात घेऊन कडेवरून नख फिरवलं. बर फक्त एकाच बाजूला होती. समोरच्या बाजूला कापाची चकाकणारी पट्टी जाड दिसत होती. डायची धार गेलेली असती तर चारही बाजूंनी बर आली असती. इथं पंच, म्हणजे खाली उतरून पत्रा कापणारा भाग, एका अंगाला सरकला होता, एका बाजूला क्लिअरन्स (मधली फट) कमी आणि दुसऱ्या बाजूला जास्त. पातळ कागद ठेवून हातानं पंच उतरवला, कागद एका बाजूला स्वच्छ कापला आणि दुसऱ्या बाजूला फाटला. डाय खोलल्यावर दिसलं की मागच्या दुरुस्तीनंतर डॉवेल (प्लेटची जागा पक्की धरणाऱ्या पिना) बसवलेच नव्हते, प्लेट नुसत्या बोल्टवर होती. पंच मध्यावर आणून भोकं रीम केली आणि एक साइझ मोठे डॉवेल बसवले. संध्याकाळी ट्रायल घेतली. प्रेसवरच्या पोरानं ब्रॅकेट उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "काका, हे मला पण शिकवा." त्याला मी दर वेळी शेजारी उभं करतो. मालकाला त्याचे पैसे लावत नाही, पण माझ्यासाठी त्या कामाचा तो भाग मोठा आहे.

मालकानं विचारलं, "काका, किती द्यायचे?" याचं उत्तर मी घरून ठरवून गेलो होतो: अर्ध्या दिवसाचे तीन हजार, सामान त्यांचं. ओळखीत काम करायचं तर भाव आधी सांगावा, काम झाल्यावर दोघांनाही अवघड होतं. एखादा महिना वीस हजारांच्या वर जातो, पावसाळ्यात एखादा जवळजवळ रिकामा. घर त्यावर चालत नसल्यामुळे रिकामा महिना जड जात नाही.

बिल पहिल्यापासून रीतसर करतो. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आधारवर, फुकट होते, दलालाला पैसे देण्याची गरज नाही. बिलावर उद्यमचा नंबर छापला की उपयोग होतो. सूक्ष्म उद्योगाचं बिल पंधरा दिवसांत, करार असेल तर जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत दिलं नाही, तर घेणाऱ्याला त्या वर्षी तो खर्च दाखवता येत नाही, तो पैसे देईल त्या वर्षीच धरला जातो. मार्चमध्ये थकलेले पैसे यामुळे येतात. जीएसटी वीस लाखांच्या आत लागत नाही. व्यवसाय कर नोकरीत असताना महिन्याला दोनशे कापला जायचा, आता वर्षाचे २,५०० स्वतः भरतो. आयकर रिटर्न आतापर्यंत ४४एडीए कलमाखाली, मिळालेल्या फीच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरायची, खर्चाच्या पावत्या जपायला नकोत. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंत कर लागत नाही, त्यामुळे व्याज, पेन्शन आणि ही निम्मी फी धरूनही माझा कर शून्य येतो.

वरकमाईचे पैसे वेगळ्या खात्यात जमा होतात. त्यातून मुलीचा लॅपटॉप झाला, गावच्या घराचे पत्रे बदलले, उरलेले साठत आहेत.

पुढच्या दोन तारखा वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेल्या आहेत. मार्च २०२७ ला पीएफवरचं व्याज थांबेल, त्याआधी ती रक्कम हलवायची आहे, आणि बायकोचं मत आहे की त्यातला एक भाग रिझर्व्ह बँकेच्या बदलत्या दराच्या बॉन्डमध्ये जावा. २०२९ मध्ये ज्येष्ठ नागरिक योजनेची पाच वर्षं भरतील. तोवर मी साठीचा असेन, तेव्हा खातं तीन वर्षांनी वाढवायचं की त्या वेळच्या दरानं नवं उघडायचं, ते दर पाहून ठरवू.