तुम्ही विचारलंत म्हणून: टूल विंडो दुसऱ्या मॉनिटरवर पक्की का करत नाही?

व्हिज्युअल स्टुडिओ या कोड लिहिण्याच्या प्रोग्रॅमसाठी (आयडीईसाठी) एक्सटेन्शन, म्हणजे जोडप्रोग्रॅम, लिहायला नुकतीच सुरुवात केलेली मंडळी मला हा प्रश्न वारंवार विचारतात. टूल विंडो म्हणजे त्यातली कोडच्या आजूबाजूला हलवता येणारी विंडो. सेटफ्रेमपॉस हे फंक्शन वापरून विंडो दर वेळी हव्या त्या ठिकाणी नेता येते, हे खरे आहे. पण ती जागा आपली नसून वापरणाऱ्याची असते. प्रोव्हाइडटूलविंडो या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये (कोडमध्ये लिहायच्या खुणेत) दिलेली जागा आणि रुंदी-उंची फक्त पहिल्यांदा उघडताना लागू होते आणि पुढे माणसाने विंडो जिथे ठेवली ती जागा आयडीई लक्षात ठेवते. हा क्रम मला अगदी योग्य वाटतो.

मी स्वतः तो मोडला होता. नागपूरच्या मिहानमधल्या आमच्या कार्यालयात एक सहकारी लॅपटॉपच्या डावीकडे मोठा मॉनिटर ठेवत असे. विंडोजमध्ये मुख्य पडद्याचा डावा-वरचा कोपरा म्हणजे शून्य-शून्य, त्यामुळे त्याच्या डावीकडच्या 1920 पिक्सेल रुंदीच्या मॉनिटरवर आडवे अंक उणे 1920 पासून सुरू होतात. उणे अंक म्हणजे चूक, असे समजून मी माझ्या एक्सटेन्शनच्या कोडमध्ये ते शून्य करत होतो, आणि तो सहकारी रोज सकाळी कोडवर येऊन बसलेली माझी लॉगची (नोंदींची) विंडो मुकाट्याने डावीकडे ओढून नेत होता. हे कळले तेव्हा मला फार वाईट वाटले.

संध्याकाळी तोच लॅपटॉप त्रिमूर्तीनगरातल्या घरी जातो, तिथे दुसरा मॉनिटर नाही. म्हणून स्वतःच्या कोडने जागा ठरवायचीच असेल, तर विंडोच्या जागेचा साठवलेला आयत कुठल्या तरी पडद्यावर येतो का, हे विंडोजच्या मॉनिटरफ्रॉमरेक्ट या फंक्शनला विचारावे आणि उत्तर नकारार्थी आले तर विंडो मुख्य पडद्यावर आणावी. मात्र ही तात्पुरती जागा जुन्या नोंदीवर लिहू नये, नाहीतर दुसऱ्या दिवशी कार्यालयातली मांडणी हरवलेली असते. मापांचेही तसेच. विंडो रेखाटणाऱ्या डब्ल्यूपीएफ या मायक्रोसॉफ्टच्या तंत्राचे एकक 1/96 इंचाचे असल्याने 600 एककांची रुंदी 150 टक्के स्केलच्या पडद्यावर 900 पिक्सेल होते, आणि या दोन मापांची सरमिसळ झाली की विंडो भलतीकडेच जाते.

तुम्हाला दोन्हीकडे ठरलेली मांडणी हवी असेल, तर व्हिज्युअल स्टुडिओच्या 2015 च्या आवृत्तीपासून विंडो मेन्यूतून मांडणीला नाव देऊन ती जतन करता येते. त्या सहकाऱ्याने ‘कार्यालय’ आणि ‘घर’ अशा दोन मांडण्या केल्या आहेत, आणि मी माझा सेटफ्रेमपॉसचा कोड काढून टाकला आहे.