तुम्ही विचारलंत म्हणून: फ्रेडी पाचगणीचा कसा?

पाचगणीची आहे म्हटलं की समोरचा माणूस एकतर स्ट्रॉबेरीचं विचारतो नाहीतर 'क्वीन' या ब्रिटिश रॉक बँडच्या गायकाचं, फ्रेडी मर्क्युरीचं. स्ट्रॉबेरीचं उत्तर सोपं आहे. फ्रेडीच्या प्रश्नाला मात्र बहुतेक वेळा एक काटा असतो. "तो इथे शिकला, मान्य. पण पुढे एवढा मोठा झाल्यावर त्याने कधी या गावाचं नाव घेतलं का? मग तुम्ही त्याला आपला कशाच्या जोरावर म्हणता?" घरातल्या दोन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो, त्यामुळे हे दर हंगामात ऐकते. 2018 मध्ये त्याच्यावरचा चित्रपट आल्यापासून तर जास्तच. नाश्त्याच्या टेबलावर दोन वाक्यांत हे सांगून होत नाही, म्हणून लिहायला बसले.

ज्यांना गोष्ट ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. त्याचं नाव फारोख बुलसारा. जन्म 5 सप्टेंबर 1946 चा, झांझिबारचा. घर पारशी, घराणं मूळचं बुलसारकडचं, म्हणजे आजच्या वलसाडचं. वडील झांझिबारच्या हायकोर्टात कॅशियर होते. मुलगा आठ-नऊ वर्षांचा झाल्यावर त्याला बोटीने मुंबईला आणि तिथून पाचगणीला पाठवलं, सेंट पीटर्स शाळेच्या हॉस्टेलमध्ये. 'फ्रेडी' हे नाव त्याला याच शाळेत पडलं. 1964 मध्ये झांझिबारमध्ये क्रांती झाली आणि बुलसारा कुटुंब घरदार सोडून लंडनजवळच्या फेल्टमला गेलं. 1970 मध्ये 'क्वीन' हा बँड उभा राहिला. पुढचं जगाला माहीत आहे. 24 नोव्हेंबर 1991 ला तो गेला, तेव्हा पंचेचाळीस वर्षांचा होता.

आता हॉस्टेलचं सांगते, कारण माझ्या दृष्टीने खरी गोष्ट तिथेच आहे.

पाचगणीत वाढलेल्या प्रत्येकाने शाळा सुरू व्हायचे दिवस पाहिलेले असतात. पसरणीचा घाट चढून गाड्या येतात, टपावर ट्रंका, वळकट्या. आई मुलाच्या शर्टाची कॉलर उगाचच पुन्हा पुन्हा नीट करते. वडील शिक्षकांशी मोठ्याने बोलत राहतात. मूल गप्प असतं. मग गाडी वळते आणि ते मूल तिच्याकडे न बघता दुसरीकडेच बघत उभं राहतं. आम्ही गावातली मुलं. संध्याकाळी आमच्या आया आम्हाला हाका मारून घरात घ्यायच्या, तेव्हा हॉस्टेलच्या खिडक्यांत दिवे लागलेले दिसायचे. त्यानंतर पाऊस. आमच्याकडचा पाऊस ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळणार नाही. दिवसच्या दिवस धुकं, सिल्व्हर ओक दिसेनासे होतात, कपडे वाळत नाहीत, चपलांना बुरशी येते. अशा पावसात पुण्या-मुंबईच्या मुलांनासुद्धा घर फार आठवतं. फ्रेडीला तर घरी जायचं म्हटलं की समुद्र ओलांडायला लागायचा. सुट्ट्यांत तो मुंबईच्या नातेवाइकांकडे जाई.

पुढे मुलाखतींमध्ये तो बोर्डिंग शाळेबद्दल अधूनमधून बोलला, गावाबद्दल आणि देशाबद्दल फारसं नाही. याचा लोकांना राग येतो. मला कधी आला नाही. लहानपणीच स्वतःचं स्वतः सावरायला शिकलेली माणसं त्या दिवसांबद्दल मोठेपणीही फार बोलत नाहीत. मी हॉस्टेलमधून बाहेर पडलेली खूप मुलं पाहिली आहेत. काही जण चाळिशीत बायकोमुलांना घेऊन शाळा दाखवायला येतात, काही जण परत या गावाचं तोंड बघत नाहीत. जे येत नाहीत ते गाव विसरले असतील असं मला वाटत नाही.

त्याच्या वाट्याचं बोलले ते त्याचे वर्गमित्र. शाळेत पाच मुलांनी मिळून एक बँड काढला होता, नाव 'द हेक्टिक्स'. इंग्रजी गाणी ऐकायची तर रेडिओ सिलोन, असे ते दिवस. क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो यांची गाणी ही मुलं शाळेच्या कार्यक्रमांत वाजवत. त्या पाचांचा एक फोटो आता जगभर फिरतो. पांढरे शर्ट, काळे बारीक टाय, तेल लावून चापून बसवलेले केस. मुख्य गायक होता ब्रूस मरे. फ्रेडी पियानोवर.

हे मी पाहुण्यांना सांगते तेव्हा ते दोनदा विचारतात. ज्याच्या गळ्यासाठी जग वेडं झालं, तो शाळेच्या बँडमध्ये पियानो वाजवत होता आणि पुढे उभा राहून गात दुसराच मुलगा होता! मित्रांच्या आठवणीत तो लाजरा आहे. रेडिओवर गाणं एकदा ऐकलं की ते पियानोवर उतरवायचा, असं ते सांगतात. शाळेनेही ते हेरलं होतं. मुख्याध्यापकांनी आईवडिलांना पत्र लिहून वेगळी संगीताची शिकवणी सुचवली, आणि तो पियानोच्या चौथ्या ग्रेडपर्यंत पोचला. टेबल टेनिस चांगला खेळायचा. बॉक्सिंगही केलं. तोंडात मागे चार दात जास्तीचे होते, त्यामुळे पुढचे दात बाहेर आलेले. मुलं त्यावरून 'बकी' म्हणून चिडवायची. हसताना वरचा ओठ ओढून घ्यायची किंवा तोंडावर हात न्यायची सवय त्याला लागली, ती शेवटपर्यंत सुटली नाही. एवढा पैसा आला, दात मात्र त्याने करून घेतले नाहीत, आवाज बदलेल या भीतीने.

मित्रांच्या आठवणी अशा आहेत, छोट्या, रोजच्या. त्यातला एक जण, व्हिक्टरी राणा, नेपाळच्या सैन्यात जनरल झाला. डेरिक ब्रँच ब्रिटनमध्ये चित्रपट आणि टीव्हीवरचा नट झाला. एकाने पुण्यात रेस्तराँ चालवलं. सगळ्यांना आयुष्यभर एकच प्रश्न विचारला गेला, तो कसा होता? आणि त्यांच्या ज्या मुलाखती मी वाचल्या, त्यांत एक गोष्ट मला फार आवडली. तो पुढे असा होणार हे आम्हाला तेव्हाच कळलं होतं, असं त्यांनी मारून मुटकून सांगितलेलं नाही. छान वाजवायचा, एवढंच सांगितलं.

मी स्वतः फॅन झाले ती तो गेल्यावर. 1991 च्या शेवटाला, 92 मध्ये केबल टीव्ही घरोघरी यायला लागला. आमच्या आळीत एकाच घरी होता आणि आम्ही कॉलेजातली पोरं तिथे जमायचो. एका रात्री 'क्वीन'चा लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवरचा कार्यक्रम लागला, 1986 चा. पिवळं जॅकेट, पांढरी पँट, हातात अर्धाच माइकचा दांडा. तो 'एऽऽओ' म्हणाला की सगळं स्टेडियम त्याच्यामागून 'एऽऽओ' म्हणायचं. इंग्रजी गाण्यांशी माझा तोवर काही संबंध नव्हता. पण एक माणूस हजारो माणसांना गायला लावतो, तेही शब्दांशिवाय, हे मी कीर्तनाबाहेर पहिल्यांदा पाहिलं. त्या घरातले काका मागून म्हणाले, "हा आपल्या सेंट पीटर्सचा." आमचा विश्वास बसेना.

त्यानंतर मी त्याचं मिळेल ते ऐकलं, मिळेल ते वाचलं. त्यातलं एक सांगते. 1991 च्या मे महिन्यात त्याने गाण्याच्या व्हिडिओचं शेवटचं चित्रीकरण केलं. आजार दिसू नये म्हणून ते कृष्णधवल ठेवलं. चेहऱ्यावर मेकअपचा थर, अंगावर मांजरांची चित्रं काढलेलं जाकीट, आणि माणूस इतका बारीक की जाकीट त्याच्या अंगावर टांगल्यासारखं वाटतं. फार हलत नाही. शेवटी कॅमेऱ्याकडे सरळ बघतो. वेम्ब्लीच्या आधी कोणी मला हे दाखवलं असतं तर हा तोच माणूस आहे हे ओळखलंच नसतं.

एड्स झाल्याचं त्याने जगाला सांगितलं 23 नोव्हेंबरला, आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. निदान 1987 मधलं होतं. म्हणजे इतकी वर्षं घरातल्या आणि बँडमधल्या मोजक्या माणसांनी ते पोटात ठेवलं. पत्रकार दारात उभे होते, फोटोवाले गल्लीत होते, तरी एकाने तोंड उघडलं नाही.

इथे मला आमच्या घरातलं थोडं सांगावंच लागेल. सातारा, सांगली हे पट्टे नव्वदच्या दशकात एचआयव्हीने पोखरले होते. हायवे, ट्रकचा धंदा, आणि कोणी कशाबद्दल बोलायचं नाही ही रीत. माझा एक चुलतभाऊ ट्रकवर होता. तो गेला तेव्हा 'टीबी होता' असं सगळ्यांना सांगितलं. त्याच्या बायकोलाही तेच सांगितलं गेलं. ते मौन त्याला सांभाळण्यासाठी नव्हतं, घराची अब्रू सांभाळण्यासाठी होतं, आणि त्याची किंमत तिने मोजली. फ्रेडीच्या माणसांचं मौन वेगळं होतं. ते त्याने मागितलं होतं आणि सांगायची वेळ त्याने स्वतः निवडली. उशीर केला असं बरेच जण तेव्हाही म्हणाले, आजही म्हणतात. पण त्याच्या नावाने ती गोष्ट उघड्यावर आली. 20 एप्रिल 1992 ला वेम्ब्लीवर त्याच्या आठवणीचा मोठा कार्यक्रम झाला आणि एड्ससाठी काम करणारा एक ट्रस्ट त्याच्या नावाने उभा राहिला. माझ्या त्या वहिनीच्या आजारपणात मला ते पुन्हा पुन्हा आठवायचं. त्या आजाराचं नाव आमच्या घरात पहिल्यांदा मोठ्याने घेतलं ते मी, आणि ते धैर्य मला कुठून आलं हे मला पक्कं ठाऊक आहे.

फ्रेडीच्या अंत्यविधीला पांढऱ्या कपड्यातल्या पारशी धर्मगुरूंनी प्रार्थना म्हटल्या. मंचावर ज्याने आपलं पारशीपण कधी पुढे केलं नाही, त्याला घरच्यांनी घरच्या रीतीने निरोप दिला. अस्थी कुठे ठेवल्या हे त्याची जिवलग मैत्रीण मेरी ऑस्टिनने कोणालाच सांगितलेलं नाही.

फॅन लोकांना मग जायचं कुठे? ज्याला जिथे जागा मिळाली तिथे तो गेला. लंडनच्या त्याच्या घराच्या भिंतीवर लोकांनी वर्षानुवर्षं निरोप लिहिले. स्वित्झर्लंडमध्ये माँत्रोला तळ्याकाठी 1996 पासून त्याचा पुतळा आहे, हात वर केलेला, पायाशी लोक फुलं ठेवतात. फेल्टमच्या घरावर 2016 मध्ये निळी पाटी लागली, नामवंत माणसं राहून गेलेल्या घरांवर तिकडे लावतात तशी. झांझिबारच्या स्टोन टाउनमध्ये 2019 मध्ये संग्रहालय झालं. 2023 मध्ये त्याच्या वस्तूंचा लिलाव झाला तेव्हा एकटा पियानो सतरा लाख पौंडांच्या वर गेला. आणि काही जण घाट चढून आमच्याकडे येतात.

इथे मात्र एक गोष्ट मला खटकते, ती स्पष्ट लिहिते. चित्रपटानंतर गावात आठवणींना पूर आला. कोणाच्या आजोबांनी त्याला घोड्यावर बसवलं, कोणाच्या दुकानात तो रोज बन खायचा, कोणाला त्याने सही दिली. शाळेतल्या पोराची सही कोण घेतं? पाहुण्याला बरं वाटावं म्हणून हे सांगितलं जातं, मनात वाईट काही नसतं, हे मला कळतं. पण ज्या मित्रांनी इतकी वर्षं मोजूनमापून आठवणी सांगितल्या, त्यांच्या शेजारी या गोष्टी मांडल्या की मित्रांच्या खऱ्या आठवणीही मातीमोल होतात. म्हणून मी माझ्या पाहुण्यांना सांगते, माझ्या घरात त्याची एकही आठवण नाही. आमच्यापैकी कोणी त्याला ओळखत नव्हतं. हे ऐकून काहींचे चेहरे उतरतात.

तरी तो आपला, आणि याचं कारण माझ्यापाशी एवढंच आहे. त्याच्या लहानपणाची बरीचशी वर्षं, घर सोडून राहायची, पहिल्यांदा मित्र करायची, पहिल्यांदा लोकांसमोर वाजवायची, या डोंगरावर गेली. गावाने त्याला काही शिकवलं असं मी म्हणत नाही, शिकवलं ते शाळेने. पण तो इथल्या पावसात होता. लेकरू आपल्या दारात राहून गेलं की त्याने नंतर चौकशी केली की नाही हा हिशोब आपण ठेवत नाही. आमच्या आयांनी हॉस्टेलच्या मुलांच्या बाबतीत कधीच ठेवला नाही.

येणाऱ्यांसाठी दोन कामाच्या गोष्टी. शाळा चालू आहे, तिथे आजही लहान मुलं राहतात. परवानगीशिवाय फाटकाच्या आत जाऊ नका आणि मुलांचे फोटो काढू नका. त्यापेक्षा सुट्टीच्या दिवशी टेबललँडवर, म्हणजे गावावरच्या पठारावर जा. हॉस्टेलची मुलं वर आलेली असतात, घोडेवाल्यांच्या मधून पळत असतात. त्या वयाचा मुलगा किती लहान असतो ते तिथे दिसतं.

आणि तुमच्यापैकी कोणाचे वडील, काका, मामा 1955 ते 1962 च्या आसपास पाचगणीच्या कुठल्याही शाळेत असतील, तर त्यांना एकदा विचारा. फ्रेडीबद्दलच विचारा असं नाही. जेवायला काय असायचं, रविवारी कुठे नेत, पत्र किती दिवसांनी यायचं, हॉलमधला पियानो कोण कोण वाजवायचं. जेवढं आठवेल तेवढंच, त्यांच्याच शब्दांत लिहून काढा आणि मला पाठवा. ती पिढी आता ऐंशीच्या घरात आहे.