उपवासकाळातलं आमचं शिबिर

राखेचा बुधवार, म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, होऊन गेला की दुसऱ्या शुक्रवारी संध्याकाळी आम्ही वांद्र्याच्या टेकडीवर जमायचो. खांद्याला एक पिशवी, त्यात दोन जोड कपडे, टॉवेल, बायबल. मी वसईहून यायची. गाडीत उभं राहून पाय भरून यायचे, पण माऊंट मेरीकडचा चढ लागला की थकवा पळायचा. १९८७ ते ८९, कॉलेजची तिन्ही वर्षं मी हे शिबिर चुकवलं नाही.

शिबिर आमच्या आयकफचं, म्हणजे ऑल इंडिया कॅथलिक युनिव्हर्सिटी फेडरेशनच्या कॉलेजातल्या शाखेचं. संघटना १९२४ सालची, हे शिबिर घेणारे फादर दर वर्षी नव्या मुलांना आवर्जून सांगायचे. मग यायचं फादर अरुपेंचं नाव. १९७३ मध्ये स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाला, जेझुइट या कॅथलिक संन्याशांच्या संघाच्या या प्रमुखांनी आपल्या शाळांच्या माजी विद्यार्थ्यांपुढे विषय काढला होता की, आपलं शिक्षण दुसऱ्यांसाठी जगणारी माणसं घडवतं का? पहिल्या वर्षी यातलं निम्मं माझ्या डोक्यावरून गेलं. सगळं इंग्रजीत चाललेलं. आमच्याकडे वसईला मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मराठीत, गाणी मराठीत, घरात तर आमची बोलीच. कॉलेजात मी गरजेपुरतं बोलायची आणि शिबिरातही मागच्या रांगेत बसायची.

शनिवारी सकाळी दादरला गाडी बदलून भायखळा. तिथून चालत सांकली स्ट्रीटवरच्या आशादानमध्ये. मदर तेरेसांच्या सिस्टर तिथे टाकलेली मुलं, आजारी माणसं, ज्यांना कुणी नाही अशी म्हातारी माणसं सांभाळतात. इतर संन्यासिनींसारखी दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रतं त्या घेतातच, वर चौथं घेतात: गरिबातल्या गरिबाची मनापासून आणि विनामूल्य सेवा. आम्हाला कुणी भाषण दिलं नाही. निळ्या काठाचा पदर खोचून एक सिस्टर पुढे आली आणि तिने चादरींचा ढीग दाखवला.

चादरी हाताने धुवायच्या. साबणाच्या पाण्यात तुडवायच्या, खळबळायच्या आणि मग दोघींनी दोन टोकं धरून पिळायच्या. मी उजवीकडे पीळ घालायचा, समोरचीने डावीकडे. ती अंधेरीची मुलगी, मला कॉलेजात कधी बोललेली आठवत नव्हती. तिसऱ्या चादरीपर्यंत आमचा ताल जुळला. चादरीचा दोरखंड होऊन शेवटचं पाणी पायावर पडलं की दोघी हसायचो. आजही आमची मैत्री आहे.

दुपारी जेवण भरवायचं होतं. एक आजी तोंड घट्ट मिटून बसलेल्या. दोघीतिघींनी इंग्रजी-हिंदीत विनवून पाहिलं. मी वाटी घेतली आणि सवयीने म्हटलं, “आजी, पेज निवतेय, दोन घास घ्या ना.” त्यांनी मान वळवली. “खंयची गो तू?” वसईची, म्हटलं. “केळ्यांच्या गावची!” आणि तोंड उघडलं. वाटी संपेपर्यंत त्या मालवणीत बोलत होत्या, घराच्या पडवीबद्दल, एका गाईबद्दल. माझं बोट धरलं होतं ते सोडलं नाही.

रात्री टेकडीवर गोल करून बसायचो, मधे एक मेणबत्ती. फादर “काय केलंत?” असं कधीच विचारायचे नाहीत. विचारायचे, “आज कोण भेटलं?” मत्तयच्या शुभवर्तमानातला पंचविसावा अध्याय वाचून व्हायचा आणि ते एकाच जागी थांबायचे: भुकेल्यांसाठी केलंत ते माझ्यासाठीच केलंत, असं प्रभू सांगतो तेव्हा भुकेल्याला जेवू घालणारे ते नीतिमान लोक उलट प्रभूलाच विचारतात, आम्ही तुला कधी पाहिलं? त्यांना माहीतच नव्हतं, फादर म्हणायचे आणि गप्प बसायचे. माझी पाळी आली. मी इंग्रजी जुळवायला लागले तेव्हा ते म्हणाले, “आजींशी बोललीस त्या भाषेत सांग.” मी सांगितलं. कॉलेजच्या मुलांसमोर इतकं सलग मी पहिल्यांदाच बोलले. अंधेरीची मुलगी शेजारच्यांना हळू आवाजात इंग्रजीत सांगत होती.

पुढच्या वर्षी आईने सुकेळी बांधून दिली. राजेळी केळी उन्हात वाळवून करतात ती, मधासारखी गोड. सिस्टरना विचारून मी एक बारीक चिरून पाण्यात भिजवली, कारण आजींना दात नव्हते. त्यांनी मला ओळखलं नाही. सुकेळं मात्र चाखलं, डोळे मिटले आणि म्हणाल्या, “वसयचा.” तिसऱ्या वर्षी त्या खाटेवर दुसऱ्या बाई होत्या. त्या तेलुगू बोलायच्या. सुकेळ्याची वाटी हातात घेऊन मी क्षणभर तशीच उभी राहिले, मग त्यांच्याजवळ बसले.

रविवारी मिस्सा, पाव-भाजीचा नाश्ता, गिटारवर गाणी, गळाभेटी. ते सगळं छानच असायचं. पण परतीच्या विरार लोकलमध्ये खिडकीशी बसले की मला हातांचा साबणाचा वास येत राहायचा आणि वसई येईपर्यंत मी मनातल्या मनात फादरांना उत्तर देत असायची, कोण कोण भेटलं ते, एकेकाचं नाव घेऊन.